ओळ कुठे संपवायची?

1937 साली माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'ची वाढवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. फारसी-मराठी कोश त्यांनीच केला, गझल मराठीत रुजवली ती त्यांनीच. अरबी-फारसी वृत्ते लघु-गुरूंच्या हिशोबात बसवायची, त्यांना मराठी जिभेवर रुळतील अशी नावे द्यायची, हे काम ते वर्षानुवर्षे करत आले होते. इकडे कोल्हापुरात फारसी छंदाचे घर असे बांधून होत होते आणि तिकडे तेहरानात, 1937-38 च्या हिवाळ्यात, चाळिशीतला एक कवी त्याच घराच्या मूळ खांबांना हात घालत होता. कवीचे नाव नीमा यूशिज, कवितेचे नाव 'कोकनूस'. स्वतः पेटवलेल्या आगीत जळून जाणाऱ्या आणि राखेतून पिल्ले मागे ठेवणाऱ्या पक्ष्याची ती कविता. तिच्यात एक ओळ लांब, दुसरी तिच्या निम्मी, तिसरी आणखी वेगळी. बैतांच्या, म्हणजे द्विपदींच्या, दोन सारख्या उभ्या रांगा पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ते पान पाहताक्षणीच खटकले असणार.

नीमाला फारसी नवकवितेचा जनक म्हणतात आणि 'वृत्त मोडणारा कवी' अशी त्याची ओळख करून देतात. पहिले विशेषण त्याला शोभते. दुसरे चूक आहे, आणि त्या चुकीमुळे साहित्यातले बंड म्हणजे काय याबद्दलचीच आपली समजूत बिघडते. नीमाने वृत्त मोडले नाही. ओळ कुठे संपवायची हे ठरवण्याचा हक्क त्याने वृत्ताच्या हातून काढून घेतला. मोडून टाकण्यापेक्षा हे अधिक मूलगामी होते, असे मला म्हणायचे आहे.

गझल लिहिणाऱ्या मराठी माणसाला नीमाची युक्ती समजावून द्यायला पाटी-पेन्सिल पुरते. फारसी छंदशास्त्राला अरूझ म्हणतात. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने अरबी कवितेसाठी ते रचले आणि फारसीने ते आपलेसे केले. त्यातला रमल हा बहर (वृत्तप्रकार) 'फाइलातुन' या तुकड्याचा, म्हणजे आपल्या गालगागाचा. रूमीची मसनवी याच बहरात आहे. हा तुकडा चार वेळा आला की आपली व्योमगंगा होते, आणि शेवटच्या तुकड्याचे एक अक्षर कापले की देवप्रिया. नियम एकच, पण कडक. पहिल्या ओळीत तुकड्यांची जी संख्या ठरली ती कविता संपेपर्यंत बदलायची नाही. सांगायचे थोडे असो की फार, माप तेवढेच.

आता हे माप माणसाचे काय करते ते पाहू. उदाहरणापुरत्या मीच दोन ओळी रचतो:

रात आली, वाट गेली, दूर कोठे दीप नाही,
कोण आहे, कोण आहे, सांग ना रे, कोण आहे?

वृत्ताच्या दृष्टीने दोन्ही ओळी निर्दोष आहेत. पण दुसऱ्या ओळीत सांगण्यासारखे आहे ते एवढेच: कोण आहे? उरलेले तीन गालगागा भरतीचे. आणि ही भरती निरुपद्रवी नाही. अंधारात दचकलेला माणूस ठेक्यात तीनदा विचारत नाही, मध्ये लाडिकपणे 'सांग ना रे' म्हणत नाही. ओळ भरली आणि भीती पळाली. फारसी साहित्यशास्त्रात अशा भरतीला 'हश्व' असे नावच आहे. त्याचे प्रकार पाडले आहेत, काही हश्व तर सुंदरही मानले आहेत. आजाराला नाव मिळाले, त्याचे वर्गीकरण झाले, की तो आजार वाटेनासा होतो.

नीमाच्या रीतीने तोच मजकूर असा मांडता येईल:

रात आली.
वाट गेली, दूर कोठे दीप नाही.
कोण आहे?

पट्टी अजूनही गालगागाचीच आहे. एकही लघु-गुरू हललेला नाही. पहिल्या ओळीला एक तुकडा, दुसरीला तीन, तिसरीला पुन्हा एक. बदलले ते इतकेच, की ओळीची लांबी आता बोलणाऱ्याचा श्वास ठरवतो. तिसऱ्या ओळीनंतर जी कोरी जागा उरते तीही मजकुरातच जमा होते. जुन्या रचनेत ती जागा शब्दांनी बुजवावी लागली असती.

यमकाचेही त्याने हेच केले. यमक त्याने काढून टाकले नाही. यमक म्हणजे मजकुराची घंटा, अशी त्याची कल्पना होती. शाळेत तास संपला की घंटा होते, दर पाच मिनिटांनी होत नाही. जिथे एक गोष्ट सांगून संपते तिथे यमकाने वाजावे. जिथे काही संपलेलेच नाही तिथे केवळ ओळ भरली म्हणून वाजू नये.

यावर पहिला आक्षेप जुन्या जाणकारांचा. ते म्हणतील, यात नवे काय? फारसीत 'मुस्तजाद' होताच. त्यात प्रत्येक लांब ओळीला एक आखूड शेपूट जोडतात, म्हणजे लहान-मोठ्या ओळी होत्याच की. होत्या, पण शेपटाचीही लांबी ठरलेली, जागाही ठरलेली. नोकराला रोज ठरावीक वेळी अर्धा तास सुटी दिली म्हणून तो मालक होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नीमाच्या आधीही लोकांनी हे करून पाहिले होते. 1918 च्या सुमारास तबरीझचा तकी रफअत आपल्या 'तजद्दुद' पत्रातून जुन्या कवितेवर तुटून पडत होता. तेहरानला 'दानिशकदा' मासिकाभोवती जमलेली मलिकुश्शुअरा बहार यांची मंडळी विचारपूर्वक, बेताबेताने सुधारणा हवी म्हणत होती, आणि त्या दोघांचे भांडण सादीपर्यंत जाऊन भिडले होते. रफअतबरोबरच तबरीझमध्ये शम्स कस्माई ही कवयित्रीही ओळी आणि यमके मोकळी करून पाहत होती. पुढे 1920 मध्ये तबरीझचा शेख खियाबानीचा उठाव चिरडला गेला आणि रफअतने आत्महत्या केली. त्याचे धैर्य नीमाहून कमी नव्हते. राजकारणाच्या धुमश्चक्रीत त्याला आयुष्यच पुरले नाही. पण त्याच्या हातून घोषणा झाली, पद्धत झाली नाही. कविता बदलली पाहिजे हे त्याने सांगितले. उद्या सकाळी एखाद्या तरुणाने ओळ कशी लिहायची, हे मात्र त्याच्याकडून कोणाला शिकता आले नाही.

नीमाची पद्धत शिकता येत होती, हा तिचा खरा गुण. आणि शिकता येत होती कारण तिच्यात मोजमाप होते. 1946 च्या उन्हाळ्यात तेहरानला इराणी लेखकांची पहिली परिषद भरली, अध्यक्षस्थानी बहार होते. मेहदी हमीदी शिराझी या कवीने तिथे नीमाची टिंगल करणारी कविता म्हटली. नीमाने त्याच परिषदेत आपली ओळख करून देताना शांतपणे सांगितले, की माझ्या ओळी लहान-मोठ्या होतात त्या लहरीने नव्हे, बेशिस्तीलाही शिस्त असते असे मी मानतो, आणि अशी मोकळी कविता लिहिणे मला इतर कवितेपेक्षा अवघड जाते. मला हे निवेदन कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा जहाल वाटते. टिंगल करणाऱ्याची अपेक्षा अशी, की समोरचा एकतर माफी मागेल किंवा शिवी देईल. याने हिशोबाची वहीच पुढे केली.

पद्धत कवितेत काय करते हे पाहायचे तर 'आय आदमहा' ही 1941 च्या डिसेंबरातली कविता पाहावी. नावाचा अर्थ 'अहो माणसांनो'. ऑगस्टमध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणात घुसल्या होत्या, सप्टेंबरात रझा शाहला सिंहासन सोडावे लागले होते. कवितेत यातले काहीच नाही. किनाऱ्यावर लोक मजेत बसले आहेत. ताटात भाकरी आहे, अंगात कपडे आहेत. पाण्यात कोणीतरी बुडतो आहे, हातपाय मारतो आहे, हाका घालतो आहे. कविता रमलच्या पट्टीवर चालते. लोकांच्या सुखाचे वर्णन करताना ओळ लांबत जाते, आणि मध्येच ती नुसत्या हाकेपुरती तुटते. ती हाक जुन्या बैतात आली असती तर ओळ भरण्यासाठी तिला विशेषणे, उपमा जोडाव्या लागल्या असत्या आणि बुडणारा माणूस अलंकार घालून बुडाला असता. इथे हाक एकटी उभी राहते, तिच्या पुढे पाणीच पाणी. शेवटीही तीच हाक येते, आणि कोणी उठले की नाही हे कवी सांगत नाही. ओळीची लांबी हा इथे नैतिक प्रश्न झाला आहे. बुडणाऱ्याचे बोलणे मापात बसवण्यासाठी लांबवायचे, की जेवढे त्याच्या तोंडून निघाले तेवढेच ऐकायचे?

इथे कोणी म्हणेल, मग पट्टी तरी कशाला ठेवली? मोकळे व्हायचेच तर पुरते मोकळे व्हावे. असा प्रयोग करणारा कवी फारसीत झाला, आणि त्याची गोष्ट नीमाच्या शेजारी ठेवून वाचावी अशी आहे. होशंग ईरानी 1925 चा, हमदानचा. गणिताचा माणूस. स्पेनमध्ये त्याने डॉक्टरेट केली आणि प्रबंधाला विषय घेतला भारतीय विचारातले अवकाश आणि काळ. 1951 मध्ये 'खुरूस-ए-जंगी', म्हणजे झुंजीचा कोंबडा, या नियतकालिकाच्या दुसऱ्या पर्वात त्याने आणि त्याच्या मित्रांनी जाहीरनामा काढला. नाव दिले 'बुलबुलाचा खाटीक'. हजार वर्षे गुलाबापाशी गाणाऱ्या त्या पक्ष्यावर सरळ सुरी. त्याच वर्षीच्या संग्रहात त्याने वृत्त टाकले, नेहमीचा वाक्यबंध टाकला, अर्थ नसलेले निव्वळ ध्वनींचे शब्द घडवले. त्यातल्या एका कवितेतली 'जांभळी किंकाळी' लोकांनी उचलली आणि पुढची कित्येक वर्षे कोणतीही न कळणारी नवी कविता दिसली की इराणात तिला हेच नाव मिळाले. कवी विसरला गेला, शिवी राहिली. 1955 नंतर त्याचा संग्रह आला नाही. 1973 मध्ये तो वारला.

ईरानीला हसणाऱ्यांत मी नाही. किंकाळीला रंग असतो हे ज्याला कधी जाणवले नाही त्याने आपल्या कानांबद्दल फार अभिमान बाळगू नये. अलीकडे फारसी समीक्षेने त्याला पुन्हा वाचायला घेतले ते योग्यच झाले. पण दोघांमधला फरक धैर्याचा नव्हे, वाचकाशी असलेल्या नात्याचा आहे. ईरानीच्या कवितेसमोर वाचकाला दोनच वाटा होत्या, शरण जा किंवा हसा. लोक हसले. नीमाच्या कवितेसमोर तिसरी वाट होती: मोजून पाहा. ज्याच्या कानात हाफिझ आणि सादी मुरलेले आहेत त्यालाही ओळ वाचताना पावलाखाली ओळखीची जमीन लागत होती. फक्त पायऱ्या नेहमीच्या उंचीच्या नव्हत्या, म्हणून प्रत्येक पाऊल जागेपणी टाकावे लागत होते. पायरीच नसेल तर माणूस दारातूनच परत फिरतो.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, आणि तो अहमद शामलूचा. शामलू नीमाच्याच हाताखाली तयार झाला आणि पुढे त्याने अरूझ पूर्णपणे सोडला. त्याच्या बिनवृत्ताच्या कवितेवर मात्र इराण हसला नाही. तिने पिढ्या घडवल्या. मग माझा मुद्दा पडतो का? मला वाटते, उलट पक्का होतो. शामलूच्या ओळी कानाला बांधून ठेवतात त्या कशाने? जाणकारांचे उत्तर असे, की त्याने ताल उचलला तो जुन्या फारसी गद्यातून, अकराव्या शतकातल्या बैहकीच्या इतिहासासारख्या ग्रंथांच्या भारदस्त वाक्यांतून. म्हणजे माप टाकले नाही, दुसऱ्या कोठारातून आणले. आणि माप आपण निवडायचे असते, ते आकाशातून पडत नाही, हे शामलूला नीमानेच दाखवून दिले होते. फरूग फर्रुखजाद या कवयित्रीने 1964 च्या 'तवल्लुदी दीगर'मध्ये हीच मोकळीक घेऊन बाईच्या घरगुती, रोजच्या बोलण्याचा ठेका वृत्तात आणला. मेहदी अखवान सालिस हा खुरासानचा, जुन्या कवितेत मुरलेला. त्याने नीमाच्या छंदावर आख्खे पुस्तक लिहून जुन्यांच्याच शास्त्राने सिद्ध केले, की हा माणूस अरूझच्या बाहेरचा नाही. तिघांचे रस्ते तीन दिशांना गेले. एका बंडातून तीन वेगळ्या वाटा फुटाव्यात, यापेक्षा त्याच्या खरेपणाची मोठी खूण मला माहीत नाही.

आता एका सोयीस्कर स्पष्टीकरणाचा समाचार घेतला पाहिजे. नीमा तेहरानच्या सेंट लुई या फ्रेंच मिशनरी शाळेत शिकला, फ्रेंच कविता वाचू लागला, आणि म्हणून आधुनिक झाला, असे सांगतात. त्याने फ्रेंच वाचले हे खरे. त्याच शाळेतल्या निजाम वफा या कवी-शिक्षकाने त्याला कवितेला लावले, आणि 1922 ची 'अफसाना' त्याने त्यांनाच अर्पण केली. पण फ्रेंच शिकलेले तरुण तेहरानात पुष्कळ होते. नीमा एकच झाला. म्हणून मला त्याच्या नावाकडे पाहावेसे वाटते. त्याचे खरे नाव अली इस्फंदियारी. यूश हे माझंदरानमधले, अल्बुर्झच्या डोंगरातले त्याचे गाव, आणि 'यूशिज' म्हणजे तिथल्या तबरी बोलीत यूशचा. आपल्याकडे सातारकर, नाशिककर तसा हा यूशकर. राजधानीत राहून, राजधानीच्या भाषेत लिहिताना त्याने आपली सही मात्र गावच्या बोलीत ठेवली.

बाप शेती करणारा, गुरेढोरे पाळणारा. लहानपण मेंढपाळ आणि घोडे राखणाऱ्यांत, रात्री डोंगरावर शेकोटीभोवती गेले. त्याने स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. गावच्या मुल्लाने त्याला अक्षरओळख दिली ती झाडाला पाय बांधून आणि फोकांनी बडवून. घोकायला दिले ते मात्र विलक्षण होते. गावातल्या घरांतले लोक एकमेकांना जी साधी पत्रे लिहितात ती मुल्लाने एकापुढे एक चिकटवून लांबलचक गुंडाळी केली होती. तीच या मुलाची पहिली पोथी. यावरून मोठा सिद्धांत मांडण्याचा मोह मी आवरतो. पण पत्र लिहिणारा शेतकरी सांगायचे संपले की थांबतो, कागद भरायचा म्हणून लिहीत राहत नाही, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुढे त्याने तबरीत कविता लिहिल्या, आणि फारसी कवितेतही माझंदरानी शब्द बिनदिक्कत आणले. 'दारवग' हे त्याच्या एका प्रसिद्ध कवितेचे नाव. दारवग म्हणजे झाडावरचा बेडूक. तो ओरडला की पाऊस येतो, अशी तिथल्या लोकांची समजूत. शेत वाळलेल्या माणसाचा प्रश्न या कवितेत त्या बेडकाला विचारला आहे. गुलाब-बुलबुलांच्या दरबारात नीमाने बेडूक आणून बसवला तो पॅरिसहून आणलेला नव्हता. ईरानीने बुलबुल मारायला सुरी काढली. नीमाने बुलबुलाला हातही लावला नाही, फक्त पावसाची बातमी कोणाला विचारायची ते बदलले.

त्याचे दोष झाकू नयेत. नीमाची वाक्यरचना पुष्कळदा गाठी पडलेली असते, शब्द अनपेक्षित जागी अडकतात, आणि ते सगळे हेतुपूर्वकच आहे असे म्हणणे भक्तीचे लक्षण होईल. जुन्या मापातल्या त्याच्या रचना साधारणच आहेत. त्याच्या मागून आलेले काही जण त्याच्या बागेत त्याच्यापेक्षा चांगले फिरले. माळ्याकडून मात्र चालण्याच्या डौलाची अपेक्षा करायची नसते.

नीमा जानेवारी 1960 मध्ये तेहरानात वारला. 1993 मध्ये त्याचे अवशेष यूशला, त्याच्या घरी नेले. मागे राहिले ते बहुतांशी कागदाचे कपटे होते, आणि पुढची अनेक वर्षे सीरूस ताहबाज या संपादकाने ते वाचण्यात घालवली. पण त्या कपट्यांची सोय नीमाने आधीच करून ठेवली होती. 1956 मध्ये लिहिलेल्या मृत्युपत्रात त्याने म्हटले, की माझ्या मागे माझ्या लिखाणाला हात लावण्याचा हक्क फक्त डॉक्टर मुहम्मद मुईन यांना आहे. मुईन हे कोशकार. देहखुदांच्या 'लुगतनामा' या महाकोशाची जबाबदारी त्यांच्याकडे आलेली. नवकवितेच्या गोटाशी त्यांचा संबंध नव्हता आणि नीमाने त्यांना तोवर पाहिलेलेही नव्हते. लेखक जलाल आल-ए-अहमद शेजारी राहत होता, शामलू आणि अखवान होते, शिष्यांची वाण नव्हती. पण मुख्य हक्क गेला शब्दांचे वजन-माप करणाऱ्या एका अनोळखी पंडिताकडे. मृत्युपत्रात नीमाने एक पुस्तीही जोडली आहे: मुईन माझ्या आवडीनिवडीच्या विरुद्ध असले तरीही.